सोबतीला कोण जाणार?



मी गेली अठरा वर्षं लंडनच्या पश्चिमेला राहतो आणि आयटी कन्सल्टिंग करतो. म्हणजे लोकांच्या कंपनीत जाऊन त्यांचं काय चुकतंय ते सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. एमबीए केल्यामुळे हे बऱ्यापैकी आत्मविश्वासाने जमतं. आज मात्र माझं काय चुकलं ते सांगणार आहे, आणि तेही फुकट.

विषय आहे, इस्रायल आणि पॅलेस्टाईनमध्ये शांततेसाठी धडपडणारी चर्चची माणसं. तुम्ही म्हणाल, आपण घरी गणपती बसवणारे लोक, आपला यात काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी संबंध सांगतो.

माझं लहानपण ठाण्याचं. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात बेने इस्राएल कुटुंब राहायचं. म्हणजे आपले कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. ठाण्यात त्यांचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. त्या घरच्या मावशींचं मराठी आमच्या आईपेक्षा ठसकेबाज. त्यांच्याकडे मलिदा असला की पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा वाडगा आमच्याकडे यायचा, आणि गणपतीत आमचे मोदक त्यांच्याकडे जायचे. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. आम्ही पाचवीत असताना ते सगळे इस्रायलला गेले. आता ते अश्दोदला असतात, गाझापासून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर.

दुसरा संबंध ऑफिसातला. दोन वर्षं माझ्या शेजारच्या डेस्कवर एक पॅलेस्टिनी सहकारी बसायचा. बेथलेहेमला लागून असलेल्या बेत साहूर गावचा. पहिल्या वर्षी मी त्याला मोठ्या उत्साहात 'ईद मुबारक' म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "थँक यू, पण माझा सण ईस्टर. आमच्या घरात येशूच्या काळापासून तोच आहे." मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. पॅलेस्टिनी म्हणजे मुसलमान, असं मी न विचारता धरून चाललो होतो. बेत साहूरमध्ये आजही ख्रिश्चन बहुसंख्य आहेत, बाकी बहुतेक ठिकाणी ते अगदी थोडे उरलेत.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचा हल्ला झाला. इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस धरून नेलं. मी मावशींना फोन लावला. त्या इमारतीखालच्या आसऱ्याच्या खोलीत बसल्या होत्या. मागे सायरन वाजत होता. मी घाबरून काहीबाही विचारत होतो, आणि त्या मला म्हणाल्या, "तू जेवलास का रे?"

मग गाझावरचे बॉम्बहल्ले सुरू झाले. मरणाऱ्यांचे आकडे शेकड्यांतून हजारांत गेले. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार जुलै २०२५ पर्यंत ते साठ हजारांच्या पुढे गेले होते. माझा सहकारी ऑफिसात यायचा, काम करायचा, जेवायच्या वेळी गाडीत जाऊन बसायचा.

त्या दिवसांत मी काय केलं? आपल्यापैकी पुष्कळांनी केलं तेच. शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ पुढे ढकलला. ढिगाऱ्याखालून काढलेली मुलं होती त्यात. खाली मी दोन तिखट ओळीही लिहिल्या. अर्ध्या तासाने मावशींच्या मुलाचा मेसेज आला. तो व्हिडिओ काही वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच देशातल्या युद्धाचा होता. त्याने पुराव्यासकट दाखवलं. आणि पुढे लिहिलं, "माझ्या भाच्याचे दोन मित्र त्या दिवशी मारले गेले. तेव्हा तू ग्रुपवर काहीच टाकलं नाहीस." मग तो ग्रुपमधून बाहेर पडला. पस्तीस वर्षांची मैत्री, एका अंगठ्याच्या हालचालीत.

मी हे ऑफिसात सहकाऱ्याला सांगितलं. मला वाटलं, तो तरी माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "आम्हाला खोट्याची गरज नाही रे. खरं आहे तेच पुरेसं आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चल."

तो मला घेऊन गेला आमच्याच भागातल्या क्वेकरांच्या मीटिंग हाऊसमध्ये. क्वेकर हा ख्रिश्चनांमधला एक छोटा पंथ. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणतात. त्यांच्या प्रार्थनेत बहुतेक वेळ सगळे गप्प बसतात. युद्धाला विरोध हे त्यांचं जुनं व्रत. मी नंतर त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा एक गोष्ट मनात राहिली. १९३८-३९ मध्ये नाझींच्या तावडीतून सुमारे दहा हजार मुलं ब्रिटनला आणली गेली, त्यातली बहुतेक ज्यू. त्या कामात क्वेकर पुढे होते. पुढे १९४८ च्या युद्धात निर्वासित झालेले सुमारे दोन लाख पॅलेस्टिनी गाझात येऊन पडले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून त्यांना रेशन आणि तंबू पोचवायचं काम अमेरिकी क्वेकरांनी केलं, १९५० पर्यंत. त्याआधी १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटिश आणि अमेरिकी क्वेकर संस्थांना मिळून मिळालं होतं. मुलं ज्यू आहेत की अरब, हा प्रश्न त्यांनी दोन्ही वेळा विचारला नाही.

त्या संध्याकाळी एक निवृत्त शाळामास्तरीण बोलायला होत्या. मी त्यांना मनात 'बाई'च म्हणायला लागलो, आपल्याकडे शिक्षिकेला म्हणतात तसं. त्या वेस्ट बँकमध्ये तीन महिने राहून आल्या होत्या. जागतिक चर्च परिषदेचा एक कार्यक्रम आहे, २००२ पासून चालू असलेला. ब्रिटनमध्ये त्याची व्यवस्था क्वेकर पाहतात. जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी जगातल्या चर्चना विनंती केली होती की माणसं पाठवा. त्यावरून वीसेक देशांतले स्वयंसेवक तिथे जाऊन तीन-तीन महिने राहतात. अंगात मातकट रंगाचं जाकीट, हातात वही. पहाटे चार वाजता चेकपॉइंटवर जाऊन उभं राहायचं, कारण कामाला जाणारे मजूर त्याच वेळी रांगेत असायचे. किती लोक आले, किती आत सोडले, किती परत पाठवले, ते मोजायचं. सकाळी मुलांबरोबर शाळेपर्यंत चालत जायचं. ऑलिव्हच्या तोडणीला शेतकऱ्याबरोबर शेतात राहायचं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. त्या पहाटे तिथे एकट्या नसायच्या. चेकपॉइंटवर लक्ष ठेवणारा इस्रायली स्त्रियांचा एक गट आहे, मखसोम वॉच, २००१ पासूनचा. ऑलिव्हच्या शेतात 'रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स' या १९८८ पासूनच्या संघटनेचे रब्बी येतात. म्हणजे आपण टीव्हीवर पाहतो तसा 'सगळे हे' आणि 'सगळे ते' असा हिशोब तिथे लागत नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. माझ्यातला एमबीए जागा झाला. मी हात वर केला आणि विचारलं, "तीन महिने तुम्ही मोजलंत. त्याने बदललं काय? आउटपुट काय?" सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एकही फाटक उघडलं नाही. एकही कायदा बदलला नाही. पण एका मुलीच्या आईने मला सांगितलं, तुम्ही नसता तेव्हा मुलं शाळेपर्यंत पळत जातात. तुम्ही असता तेव्हा चालत जातात."

मंडळी, मी खाली बसलो. मला एकदम ठाण्याचं हॉस्पिटल आठवलं. माझे वडील शेवटच्या आजारपणात तिथे होते आणि मी इथे, तिकिटाच्या आणि रजेच्या खटपटीत. सहा रात्री शेजारचा एक मुलगा त्यांच्या सोबतीला झोपला. त्याने औषधं दिली नाहीत. ऑपरेशन केलं नाही. वडील वाचलेही नाहीत. पण आई आजही म्हणते, "तो होता म्हणून रात्री गेल्या." त्या मुलाचं आउटपुट काय, असं विचारायची माझी हिंमत आहे का?

आपल्याकडे यासाठी शब्द आहे, सोबत. कुणी आजारी असलं, कुणाच्या घरी मयत झालं, सून बाळंत झाली, तर आपण विचारतो, सोबतीला कोण जाणार? जाणारा माणूस काही सोडवायला जात नाही. तो नुसता तिथे असतो. या चर्चच्या लोकांचं काम समजायला मला या शब्दाइतकी मदत कुठल्याच इंग्रजी रिपोर्टने केली नाही.

करार-ठराव करून पाहिलेच नाहीत असं नाही. जानेवारी २००२ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जॉर्ज केरी, ज्यू रब्बी, मुस्लिम शेख आणि जेरुसलेमचे बिशप एकत्र बसले. निरपराधांना मारणं हा देवाच्या नावाचा अपमान आहे, असं जाहीरनाम्यात लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. अशा सह्या ही लहान गोष्ट नव्हे. पण दोनच महिन्यांनी नेतान्याला वल्हांडणाच्या सणाच्या जेवणावर आत्मघाती हल्ला झाला, त्यात तीस माणसं गेली. मग इस्रायली सैन्य वेस्ट बँकमधल्या शहरांत शिरलं आणि बेथलेहेममधल्या येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चला ३९ दिवस वेढा पडला. कागद मध्ये पडून शांतता राहत नाही. त्याच वर्षी सोबतीला माणसं पाठवायला सुरुवात झाली, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी पुन्हा एकदा अर्धाच व्हिडिओ पुढे ढकलल्यासारखं होईल. जुलै २०१२ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सभेने या स्वयंसेवक कार्यक्रमाला पाठिंबा दिला, तेव्हा ब्रिटनमधल्या ज्यूंच्या मुख्य संस्थेने, बोर्ड ऑफ डेप्युटीजने, कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्यांचं म्हणणं, तुमचे स्वयंसेवक चेकपॉइंटवर महिने काढतात, इस्रायली घरांत फार कमी वेळ, आणि परत येऊन एकच बाजू सांगतात. माझ्या मित्रालाही हेच वाटतं. दोन हजारच्या त्या दशकात बसमध्ये बॉम्ब फुटत होते तेव्हा तो विद्यार्थी होता. त्याला ती भिंत आणि ते चेकपॉइंट म्हणजे आपली आई बसने घरी पोचेल याची हमी वाटते. माझ्या सहकाऱ्याला तीच भिंत म्हणजे आपल्या आईला दहा किलोमीटरवरच्या जेरुसलेमला जाण्यासाठी लागणारा परवाना वाटतो. दोघेही आईबद्दलच बोलतायत.

चर्चवर आणखी एक ओझं आहे. युरोपात ज्यूंचा छळ शतकानुशतकं झाला, आणि त्यात चर्चची शिकवण सामील होती. त्यामुळे कुणी पाद्री शांततेचा उपदेश करायला लागला की ज्यू माणूस सावध होतो, यात नवल काय? येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे १९६५ मध्ये म्हटलं. इथे ब्रिटनमध्ये ख्रिश्चन आणि ज्यूंची संयुक्त परिषद १९४२ मध्ये, ऐन युद्धात सुरू झाली. ऐकून घेण्याचं काम आधी घरातच करावं लागलं.

१९६५ च्या त्या दस्तऐवजाच्या तयारीत भाग घेतलेल्या एका पाद्र्याची गोष्ट सांगतो. फादर ब्रूनो हुसार. जन्म इजिप्तमध्ये, ज्यू आईवडिलांच्या पोटी. पुढे कॅथलिक झाले, डोमिनिकन संघात पाद्री झाले आणि इस्रायलचे नागरिकही. त्यांनी जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मध्ये, लात्रूनच्या मठाकडून एक उजाड टेकडी भाड्याने घेतली. पाणी नाही, वीज नाही, झाड नाही. ज्यू आणि अरब शेजारी-शेजारी राहतील असं गाव वसवायचं, एवढाच प्लॅन. गावाचं नाव हिब्रूत नेवे शालोम, अरबीत वाहत अस-सलाम, दोन्हीचा अर्थ शांतीचं मरूद्यान. अनेक वर्षं कुटुंबं आलीच नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पहिली घरं बसली. आज तिथे साठ-सत्तर कुटुंबं आहेत, निम्मी ज्यू, निम्मी अरब, सगळे इस्रायलचे नागरिक. शाळेत मुलं हिब्रू आणि अरबी दोन्ही शिकतात. तिथल्या 'शांतिशाळे'त दोन्हीकडचे तरुण येऊन समोरासमोर बसतात आणि भांडतात. भांडण टाळायचं नाही, समोर बसून करायचं, हीच तिथली पद्धत. २०२० मध्ये त्या शाळेच्या इमारतीला आग लागली, जाळपोळीचा संशय होता. पण गाव अजून आहे. माझ्या क्लायंटला मी 'पन्नास वर्षांत सत्तर कुटुंबं' असा ग्राफ दाखवला तर तो प्रोजेक्ट त्याच दिवशी बंद करेल. फादर ब्रूनो १९९६ मध्ये वारले, ते त्याच टेकडीवर राहत असताना.

आणि गाझा. तिथे एकच कॅथलिक चर्च आहे, पवित्र कुटुंबाचं. युद्धात शेकडो लोक त्याच्या आवारात आसऱ्याला होते. पोप फ्रान्सिस ऑक्टोबर २०२३ पासून जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. शेवटचा फोन एप्रिल २०२५ मध्ये, ते वारले त्याच्या दोन दिवस आधी. काय विचारायचे? कसे आहात. आज काय जेवलात. हे वाचलं तेव्हा मला अश्दोदच्या आसऱ्याच्या खोलीतल्या मावशी आठवल्या. जुलै २०२५ मध्ये त्या चर्चवरही तोफगोळा पडला, तीन माणसं गेली.

जेरुसलेमचे कार्डिनल पिझ्झाबल्ला यांना हल्ल्यानंतर दहाव्या दिवशी पत्रकारांनी विचारलं, हमासने ओलीस धरलेल्या इस्रायली मुलांच्या बदल्यात तुम्ही स्वतः जाल का? ते म्हणाले, मी तयार आहे. तशी अदलाबदल झाली नाही. पण पॅलेस्टिनी ख्रिश्चनांचा धर्मगुरू इस्रायली मुलांसाठी जायला तयार झाला, हे दोन्हीकडच्या लोकांनी ऐकलं.

मंडळी, आपण मराठी माणसं या भांडणात तिसरे आहोत. आपल्यावर ना त्या जमिनीचा दावा आहे, ना त्या धर्मांचं जुनं ओझं. मात्र बेने इस्राएलांमुळे एका बाजूला आपली भाषा बोलणारे नातेवाईक आहेत, आणि ऑफिसात, शाळेत, हॉस्पिटलात दुसऱ्या बाजूचे शेजारी आहेत. तिसऱ्याला सोपं असतं ते अंपायर व्हायला. मी तेच झालो होतो, सोफ्यावर बसून, हातात फोन घेऊन. सोबतीला जाणं मात्र तिसऱ्यालाच जास्त जमतं. मयताच्या घरी चहा शेजारच्या घरातून येतो.

मी काय केलं ते सांगतो, मोठं काही नाही. ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला होता, त्याच ग्रुपवर लिहिलं की तो खोटा होता आणि चूक माझी. मग मित्राला फोन केला. त्याने उचलला नाही. मी दर शुक्रवारी, त्यांचा शब्बाथ सुरू व्हायच्या आधी, फोन करत राहिलो. नवव्या शुक्रवारी मावशींनी उचलला. आम्ही मलिद्याबद्दल बोललो. त्यानंतर दोन महिन्यांनी तो स्वतः फोनवर आला. ग्रुपमध्ये तो परत आलेला नाही. गाझाबद्दल आमचं अजून पटत नाही. पण त्याने मला विचारलं, "तुझ्या त्या बेथलेहेमवाल्या मित्राची आई कशी आहे?" मी ते सहकाऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला सांग, गुडघे दुखतात, बाकी बरी आहे."

मी निरोप पोचवला.

तुमच्याही गावात एखादं मीटिंग हाऊस असेल, चर्च असेल, सिनेगॉग किंवा मशीद असेल, जिथे अशी एखादी संध्याकाळ होत असेल. मुलांना घेऊन जा. आपल्या मुलांना शाळेत हा विषय रोज ऐकू येतो आणि ती आपल्याला विचारतात, "बाबा, बरोबर कोण?" माझ्या मुलीने विचारलं तेव्हा मी तिला त्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलांची गोष्ट सांगितली, आणि अश्दोदच्या आजींचीही. ती म्हणाली, "मग आपण कुणाला फोन करायचा?" मी म्हटलं, "दोघांना."

या आठवड्यात तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना फोन करा. मत सांगू नका, विचारूही नका. जेवलात का, एवढं विचारा आणि मग ऐका.